लिलीवरची अळी

पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याच्या बागेला जितकं जपतात, तितकं अंगणातल्या लिलीला कोणी जपत नाही. पाऊस स्थिरावला की मग एखाद्या सकाळी पानांची नुसती चाळण झालेली दिसते. हे काम बहुधा लिली पतंगाच्या अळीचं. काळसर अंगावर पांढरे नि लालसर ठिपके असल्यामुळे ती चटकन ओळखू येते. मादी पानांवर पुंजक्याने अंडी घालते. पिल्लं आधी घोळक्यानेच पान खरवडतात, मोठी झाली की पांगतात. पावसाळी लिली, स्पायडर लिली आणि रानातली कळलावी, सगळ्यांवर ती येते.

घोळका एकत्र आहे तोवरच गाठा. ते पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. चार-सहा कुंड्यांना माझ्या मते एवढं पुरतं. प्रादुर्भाव जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड. ती रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा टाका आणि संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. अळी मातीत कोष करते, म्हणून बुंध्याजवळची माती वरवर हलवून कोष वेचा. बागेसाठी आणलेलं जहाल कीटकनाशक मात्र अंगणात नको; तिथे मुलं खेळतात. पानं गेली तरी कांदा टणक असेल तर लिली पुन्हा फुटते.