योगशिबिर : आठ दिवस घराबाहेर, पण घरासाठी!

नोकरदारांना रविवार असतो, मुलांना मे महिना असतो; घरच्या बाईला मात्र सुट्टी अशी नसतेच. माहेरी गेलं तरी वहिनीच्या जोडीनं पोळ्या लाटाव्या लागतात. त्यामुळे "आठ दिवस योगशिबिराला जाऊन येते" असं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न उठतो, "आसनं काय घरी करता येत नाहीत?"

येतात की! पण आधी ती नीट शिकायला हवीत. कुकरच्या शिट्ट्या मोजत शवासन साधत नाही, आणि टीव्हीसमोर आसन केलं तर पाठ वाकडी झालेली सांगणार कोण? निवासी शिबिरात सलग वेळ मिळतो, चूक दाखवणारा शिक्षक मिळतो, ठरल्या वेळी उठण्या-झोपण्याची सवय लागते. शिवाय गरम ताट आयतं समोर येतं, हेही काही थोडं नव्हे!

मात्र आठ दिवसांत मधुमेह पळेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नियमित योगाभ्यासानं जुनाट कंबरदुखीला थोडा उतार पडतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण नियमित केला तरच. म्हणून शिबिर निवडताना एकच कसोटी लावावी : घरी रोज अर्धा तास करता येईल असं काय मी इथून घेऊन येणार?

आपल्या जवळपास

आपण पनवेलकर या बाबतीत भाग्यवान. घाट चढला की लोणावळा, आणि तिथं कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हे अमळनेरला शिक्षणाच्या कामात होते. योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगानं तपासायचं त्यांनी मनावर घेतलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं. १९२४ साली त्यांनी ही संस्था स्थापन केली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केलं.

दुसरी संस्था सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट. श्रीयोगेंद्र यांनी ती १९१८ साली वर्सोव्याला सुरू केली. संसारी माणसांनाही योग जमला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिलं.

इगतपुरीच्या विपश्यना शिबिराबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. ते दहा दिवसांचं, पहाटे चारला उठण्याचं, मौनाचं. तिथं आसनं शिकवत नाहीत. शुल्क नसतं, पण शिस्त कडक असते. पाठदुखीवर व्यायाम शिकायचा म्हणून तिथं जाऊ नये.

कर्जत-नेरळकडच्या शेतघरांवर शनिवार-रविवारची शिबिरं होतात, त्यांच्या जाहिराती आकर्षक असतात. विश्रांतीसाठी हरकत नाही; पण दोन दिवसांत नवखीला फारसं शिकता येत नाही.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

१. शिकवणारे कुठं शिकले? एका वर्गात किती जणी असतात?
२. प्रवेशाआधी आजारांची चौकशी करतात का? करत नसतील तर तिथं जाऊच नका. रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल, तर शीर्षासनासारखी उलटी आसनं टाळावी लागतात. गरोदरपणात, हर्नियात किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर कपालभाती करू नये. डॉक्टरांना विचारून जा, आणि चालू गोळ्या मनानं बंद करू नका.
३. खोली किती जणींत? स्नानगृह कुठं? मांडी घालून बसता येत नसेल, तर खुर्ची मिळते का?
४. राहणं-जेवण शुल्कात धरलं आहे, की वेगळं?
५. मध्येच परतावं लागलं तर किती पैसे परत मिळतात?

प्रवासाचा खर्च फार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

घरची घडी

परीक्षा आणि सणवार सोडून तारखा ठरवा. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, दूधवाल्याचा हिशेब आणि गॅसवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. डाळ-तांदळाचे डबे दाखवून ठेवा. आठ दिवसांचा स्वयंपाक करून मात्र ठेवू नका! यजमानांना खिचडी लावता येते, मुलांना ताटं घेता येतात. पहिल्या दिवशी मीठ जास्त पडेल, तिसऱ्या दिवशी बेताचं पडेल.

परत आल्यावर खरी परीक्षा असते. शिकलेल्यातली चार-पाच आसनं निवडा आणि वेळ पक्की करा. मुलं शाळेत गेल्यावरची असो की पहाटेची, त्या अर्ध्या तासात दार लोटून घ्या. "आई कुठाय?" असं कुणी विचारलं, तर घरातल्यांनीच सांगावं, "योग करते आहे, थांब जरा." एवढं घडलं तर शिबिराचे पैसे वसूल झाले म्हणायचे.