श्रवणाचा पाठ : खाशाबा जाधवांच्या कुस्तीची गोष्ट

वर्ग शांत आहे म्हणजे वर्ग ऐकत आहे, असा समज आपणां शिक्षकांत बराच रूढ आहे. वाचनासाठी व लेखनासाठी आपण तासिका राखून ठेवतो. श्रवण मात्र मूल आपोआप शिकेल असे गृहीत धरतो. वस्तुतः ज्या मुलाला अद्याप नीट वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत विद्या पोहोचण्याचा मुख्य मार्ग कानाचाच असतो. तो मार्ग मोकळा आहे की नाही, हे पारखण्यासाठी पुढील पाठ योजिला आहे. तो इयत्ता तिसरी व चौथीसाठी असून पाटी व पेन्सिल यांखेरीज त्यास काही साहित्य लागत नाही.

विषय खेळाचा घेण्यास कारण आहे. खेळाच्या प्रसंगात कोण, कोठे, केव्हा, कोणाशी आणि निकाल काय, हे प्रश्न स्वाभाविकपणे येतात. शिवाय पुढे काय झाले हे जाणण्याची मुलांस उत्कंठा असते, म्हणून ती कान देतात. शिक्षकाने पुढील मजकूर प्रथम स्वतः दोनदा वाचून घ्यावा व मग वर्गास सावकाश सांगावा.

“सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १९२६ साली खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. तांबड्या मातीत कुस्ती खेळलेल्या खाशाबांना तेथे गादीवर लढावे लागले. ते सहावे आले. पुढील सामने १९५२ साली फिनलंड देशातील हेलसिंकी येथे होते. जाण्यास पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. हेलसिंकीत जपानचा मल्ल पहिला, सोव्हिएट देशाचा दुसरा आणि आपले खाशाबा तिसरे आले. त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. ते परतले तेव्हा १०० हून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.”

पाठाचे टप्पे पुढीलप्रमाणे घ्यावेत.

१. हेतू सांगणे. कथनापूर्वी एकच प्रश्न द्यावा : “खाशाबांना परदेशी जाण्यास कोणी साहाय्य केले, ते ऐका.” काय शोधावयाचे हे ठाऊक असले म्हणजे मूल लक्ष देऊन ऐकते. नुसते “लक्ष द्या” असे म्हटल्याने लक्ष लागत नाही.

२. पहिले श्रवण. गोष्ट मध्ये न थांबता पुरी सांगावी. पाट्या या वेळी खाली ठेवाव्यात. नंतर दिलेल्या प्रश्नाचे उत्तर घ्यावे.

३. दुसरे श्रवण. आता पाटी घ्यावयास सांगून फक्त साल व गावांची नावे टिपण्यास सांगावे. शुद्धलेखनाच्या चुका आज मोजू नयेत. कानाने काय पकडले, एवढेच पाहावे.

४. चूक ओळखणे. गोष्ट पुन्हा सांगताना शिक्षकाने जाणूनबुजून तीन-चार तपशील बदलावेत. “खाशाबा लंडनला तिसरे आले” असे म्हणताच ज्याने नीट ऐकले आहे तो हात वर करून “नाही गुरुजी, सहावे!” असे म्हणेल. गुरुजींची चूक काढण्याची मुभा मिळाल्याने एरवी अबोल असणारी मुलेही या टप्प्यात बोलू लागतात.

५. ऐकलेले व मानलेले. शिक्षकाने काही विधाने करावीत आणि ते गोष्टीत होते की आपण मनाने धरले, हे मुलांनी सांगावे. उदाहरणार्थ, “मिरवणुकीत लेझीम होते.” तसे असूही शकेल, परंतु गोष्टीत ते सांगितलेले नाही. ऐकीव बातमी गावात तिखटमीठ लावून फिरते. तिच्यात खरे किती, हे पारखण्याची सवय येथून लागते.

इयत्ता पहिली व दुसरीसाठी मैदानावर सोपा प्रकार घ्यावा. काही मुलांनी खो-खो खेळावा, एका मुलाने मोठ्याने खेळाचे वर्णन करावे, आणि बाकीच्यांनी पाठमोरे बसून केवळ ऐकून कोण बाद झाले ते सांगावे.

पाठ घेताना दोन गोष्टींचे अवधान ठेवावे. पहिली ही की, प्रत्येक सूचना तीन वेळा सांगण्याची खोड आपण सोडावी. तिसऱ्यांदा सांगितले जाणारच, हे कळले की मूल पहिल्या दोन वेळा ऐकतच नाही. दुसरी ही की, उत्तर घरच्या बोलीत आले तरी ते पूर्ण धरावे. भाषेचे शुद्धीकरण हा निराळा पाठ आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब शेवटी सांगावयाची आहे. हा पाठ दोन-तीन वेळा घेतल्यावर एखादे मूल प्रत्येक वेळी मागे राहते असे आढळेल. त्यास आळशी किंवा मंद ठरविण्यापूर्वी त्याला पुढच्या रांगेत बसवावे आणि तोंड त्याच्याकडे करून बोलावे. त्याच्या मागे उभे राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घ्यावे. ते वळले नाही, अथवा त्याचा कान वाहत असेल, तर पालकांस बोलावून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास सांगावे. असे मूल वर्षानुवर्षे गप्प बसते, म्हणून शहाणे समजले जाते. पुढे नापास होते, म्हणून ढ समजले जाते. त्याला ऐकूच येत नव्हते, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. आपल्या पाठातून असे एक मूल जरी वेळीच सापडले, तरी ती तासिका सार्थकी लागली असे समजावे.