घडीकाम: खेळ, प्रार्थना आणि भूमिती

पोलादाच्या गावात कागदाचं काय कौतुक, असं भिलाईकर म्हणतीलही. पण ओरिगामी, म्हणजे कागदाचं घडीकाम, 'जपानची' म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही. तिच्या गोष्टीत आपल्याकडची ठिकाणंही ठळक आहेत.

जपानी घरात
तिथल्या पारंपरिक लग्नात साकेच्या पात्रांना कागदी फुलपाखरांची जोडी बांधतात. हजार कागदी क्रौंच घडवले की इच्छा पुरी होते, अशी श्रद्धा आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी दोन वर्षांची होती. रक्ताच्या कर्करोगाने ती १९५५ साली गेली. रुग्णालयात ती क्रौंच घडवत असे. १९५८ साली तिच्या आठवणीत हिरोशिमात मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. आजही तिथे जगभरातून क्रौंचांच्या माळा येतात.

जगभर का पसरली?
जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी घड्या दाखवण्यासाठी तुटक रेषा आणि बाण रूढ केले. मग जपानी न येणाऱ्यालाही पुस्तक पाहून बेडूक करता येऊ लागला.

मद्रासचं पुस्तक
घडीकाम जर्मनीच्या फ्रोबेल यांच्या बालवाडीतही होतंच. बालवाडीच्या त्या घडीसाहित्यावरून टी. सुंदर राव यांना कल्पना सुचली आणि १८९३ साली मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. पंचकोन, षट्‌कोन, पुढे शंकुच्छेदसुद्धा! फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञाने त्याची दखल घेतली. १९०१ साली ते शिकागोत छापलं गेलं. पुढे १९३६ साली मार्गेरिता बेलोक या इटालियन विदुषीने घड्यांनी घनसमीकरणंही सुटतात हे दाखवलं. कोणत्याही कोनाचे तीन सारखे भाग करणं पट्टी-कंपासला जमत नाही, घडीला जमतं. आपण मात्र घडीकाम कार्यानुभवाच्या तासाला टाकलं आणि गणिताच्या तासाला विसरलो.

होशंगाबाद ते पुणे
पुण्याच्या टेल्को कंपनीतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले. तेव्हा भिलाईही होशंगाबादप्रमाणे मध्य प्रदेशातच होतं. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत त्यांनी मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. वर्तमानपत्राला घड्या घालून केलेल्या टोप्याही त्यांत आल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

करून पाहा
चौरस कागद उभा मधोमध दुमडून उलगडा. खालचा उजवा कोपरा मधल्या रेषेवर टेकवा, पण घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच जाऊ द्या. टेकला तिथे खूण करून कागद उलगडा आणि ती खूण खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडा. समभुज त्रिकोण तयार! तो समभुज का, हे मुलांना आधी स्वतः शोधू द्या.