घेणारा एक, वापरणारा दुसरा

गिऱ्हाइकाचं समाधान मोजायची आजची रीत म्हणजे तारे. पाचपैकी किती, तेवढं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. चप्पल, मिक्सर, मिसळ यांना हे माप चालून जातं, कारण पैसे मोजणारा आणि वस्तू वापरणारा तिथे बहुधा एकच असतो. भेटवस्तूंच्या दुकानात तसं नसतं. काउंटरपाशी उभं असलेलं माणूस ती वस्तू वापरणार नसतं आणि जे वापरणार ते दुकानाची पायरीही चढलेलं नसतं. गल्लीतल्या ‘गिफ्ट सेंटर’बद्दल गिऱ्हाइकं जे बरंवाईट बोलतात, त्याचा बराचसा उलगडा या एका गोष्टीत आहे, असं माझं म्हणणं आहे. दुकानात मिळालेला अनुभव हा इथे अर्धाच अनुभव असतो. उरलेला अर्धा दुसऱ्याच्या घरी, कागद फाडल्यावर घडतो, आणि त्याची खबर दुकानापर्यंत पोचवायची वाट फक्त एकच आहे: तेच गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येणं.

हे तपासून पाहायला भोपाळ सोयीचं आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला आणि कागदपत्रांबरोबर कितीतरी मराठी कर्मचाऱ्यांनीही आपलं बिऱ्हाड इकडे हलवलं. हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखानाही त्याच साली आकाराला येऊ लागला आणि पिपलानी, बरखेडा या भागांत देशभरातून आलेली कुटुंबं वसली. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टर्सच्या आसऱ्याने न्यू मार्केट वाढलं. पगारदारांचं, बदल्यांचं हे शहर. सख्खे नातेवाईक दूर, त्यामुळे शेजारी आणि ऑफिस हाच गोतावळा. बारसं, गृहप्रवेश, निरोप समारंभ, सेवानिवृत्ती, साहेबांच्या मुलीचं लग्न: देण्याघेण्याचे प्रसंग गावाइतकेच, पण समोरच्याची आवडनिवड गावच्यासारखी पिढ्यान् पिढ्या ठाऊक नसलेली. अशा शहरात भेटवस्तूंच्या दुकानाला काम पडणारच.

त्याआधीचं, नवाबी भोपाळही देण्याघेण्याच्या वस्तूंसाठी अनोळखी नव्हतं. कुदसिया बेगमने बांधलेल्या जामा मशिदीभोवतीच्या चौक बाजाराशी भोपाळी बटव्याचं नाव जोडलेलं आहे. मखमलीचा किंवा रेशमाचा हातात मावेल एवढा बटवा, त्यावर जरीचं आणि मण्यांचं काम, तोंडाशी ओवलेल्या दोन दोऱ्या आणि त्यांच्या टोकांना गोंडे. दोऱ्या दोन्हीकडून ओढल्या की तोंड चुण्या पडून मिटतं. सुपारी, लवंग, वेलदोडा ठेवायला केलेली ही वस्तू. सुपारी आता किती जण खातात? तरी बटवा विकला जातो, आणि तो घेणारा पुष्कळदा स्वतःसाठी घेत नाही. पुण्याला भाचीला द्यायचा असतो, नागपूरच्या विहीणबाईंना पाठवायचा असतो. उपयोग गेला तरी देण्याजोगेपण उरलं. गंमत अशी की हाच माल राज्य सरकारच्या ‘मृगनयनी’ एम्पोरियममध्येही मिळतो: ठरलेली किंमत, पक्कं बिल, खात्रीचा माल. मग लोक चौकातल्या किंवा कॉलनीतल्या दुकानात का जातात? निव्वळ स्वस्ताईसाठी, असं उत्तर तयारच असतं. मला ते अपुरं वाटतं.

दुकानदार बोलणी कशी सुरू करतो ते पाहिलं की कारण दिसतं. ‘किसको देना है?’ हा पहिला प्रश्न, ‘कितने तक का?’ हा दुसरा. क्रम उलटा झाला तर गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी उमटते. संक्रांतीच्या आधीचे दिवस घ्या. हळदीकुंकवासाठी वाण हवं: एकसारखे चाळीस नग, किंमत बेताची, फुटणारं नको, मागच्या वर्षीचं तर नकोच. घेणारी वहिनी ‘भैया, कुछ नया दिखाओ’ म्हणते आणि दुकानदार डबी पुढे करता करता हात मागे घेतो: ‘भाभीजी, ये मत लीजिए, आपके ही ब्लॉक में जा चुका है.’ या एका वाक्यात विक्री तात्पुरती बुडते, पण गिऱ्हाईक वर्षभरासाठी बांधलं जातं. ती डबी कुठल्याही संकेतस्थळावर मिळेल. कुठल्या ब्लॉकमध्ये यंदा काय वाटलं गेलं, ही माहिती मात्र त्या काउंटरखेरीज कुठेच नाही. गिऱ्हाईक तिचेच पैसे देत असतं, फक्त बिलावर डबी लिहिलेली असते.

अर्थशास्त्रातले दोन निबंध इथे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्ही ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधलेच. जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटींबद्दल विचारलं: ही वस्तू तुम्ही स्वतः घेतली असती तर किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून त्यांनी हिशेब मांडला की भेटीच्या किमतीपैकी एक दशांश ते एक तृतीयांश मोल वाया जातं. दूरच्या नातलगांच्या वस्तूंमध्ये ही नासाडी सर्वांत जास्त होती, मित्रांच्या आणि प्रियजनांच्या भेटींत सर्वांत कमी. म्हणजे तोटा भेट देण्यात नाही, समोरचं माणूस न कळण्यात आहे. दुसरा निबंध मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांचा, १९७८ चा, मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजारावर. बाजारात टंचाई असते ती खात्रीच्या माहितीची, म्हणून माणसं रोज नवा विक्रेता शोधत न फिरता ठरलेल्याच विक्रेत्याकडे परत परत जातात, असं त्यांचं निरीक्षण. आपल्याकडे याला ‘आपलं नेहमीचं दुकान’ म्हणतात. वाल्डफोगेल यांनी दाखवलेला तोटा भरून काढायला जी माहिती लागते, ती गीर्ट्झ यांच्या बाजारात येण्याजाण्यातून साठते. सेफ्रूचा बाजार भेटवस्तूंचा नव्हता, हे खरं. पण गिऱ्हाइकाला स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्याही आवडीचा अंदाज बांधायचा असेल, तर माहितीची निकड वाढतेच.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्रज्ञच घेतील: मग रोख द्या. आपण ते केव्हाच करतो. रुपयाचं नाणं चिकटवलेलं आहेराचं पाकीट हा त्याच अडचणीवरचा तोडगा आहे, आणि जिथे ओळख पातळ तिथे तो उत्तम. पण निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात नुसतं पाकीट ठेवलं तर वर्गणी उरकल्यासारखं दिसतं. शिवाय राजधानीत पाकिटाला आणखी एक वास असतो. केंद्राचे १९६४ चे आचरण नियम आणि मध्य प्रदेशचे १९६५ चे नियम सरकारी नोकराने कोणाकडून काय स्वीकारावं याला कुंपण घालतात. त्यामुळे ‘साहेबांना द्यायचंय, पण फार भारी नको’ या मागणीत कंजूषी शोधू नये. तीत शहाणपण आहे आणि मुरलेला दुकानदार ते ओळखतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओळखीचं दुकान म्हणजे ओळखीच्यांसाठीच चांगलं दुकान. नव्याने बदलून आलेल्याला, संकोची माणसाला, कपड्यांवरून जोखल्या जाणाऱ्याला तिथे वेगळा भाव, वेगळा सूर मिळू शकतो. चौकशा नकोशा होतात. घासाघीस न जमणारा जास्त पैसे देऊन येतो. एम्पोरियमची ठरलेली किंमत आणि ऑनलाइन दुकानाचं निर्विकार पान या माणसाला मोठा आधार आहे, आणि हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यामुळे मूळ मुद्दा ढळत नाही. ऑनलाइन दुकान वागणुकीतला भेदभाव कमी करतं, समोरच्या माणसाबद्दलचं अज्ञान मात्र तसंच ठेवतं. भेट म्हणून घेतलेल्या वस्तूंचे अभिप्राय वाचावेत: ‘वेळेवर पोचली, पॅकिंग सुरेख’. लिहिणाऱ्याने वस्तू हातात तरी घेतलेली असते का? वापरणाऱ्याला तारे द्यायला कोणी बोलावलेलंच नसतं.

कायदा मात्र त्याला विसरलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. आधीच्या १९८६ च्या कायद्यातही हीच भूमिका होती. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत छापलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरायची. तेव्हा ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ ही पाटी सदोष मालापुढे टिकत नाही. इथे रीत आणि कायदा समोरासमोर येतात. वेष्टनबंद मालावर किंमत छापा, असं कायदा सांगतो. दुकानदार चमकीच्या कागदात डबा गुंडाळण्याआधी नखाने तेच स्टिकर खरवडतो, आणि तशी विनंती गिऱ्हाइकानेच केलेली असते. बिल तर खिशातच राहतं. परिणामी ज्याच्या घरी घड्याळ बंद पडतं त्याच्याकडे हक्क असतो, पुरावा नसतो. देणाऱ्याला सांगावं तर वाईट दिसतं. घड्याळ माळ्यावर जातं आणि दुकानदार पुढच्या महिन्यात तोच माल पुन्हा मागवतो.

छोट्या दुकानाची खरी कसोटी मी इथे लावीन. हसतमुख सेवा, फुकट रिबन, दहा टक्के सूट या गोष्टी ठीकच. पण न आवडलेली, दोष नसलेली वस्तूही बिनबोभाट बदलून देतो तो दुकानदार आपलाच फायदा करून घेत असतो, कारण बदलायला येणारं माणूस त्याला एरवी कधीच न मिळणारी बातमी घेऊन येतं. तसं करायला कायदा त्याला भाग पाडत नाही, म्हणून तर फरक कळतो. जो दुकानदार हे करत नाही, त्याचं गल्लीत असणं हे निव्वळ जवळ असणं आहे. त्याची जागा ऑनलाइन दुकानाने घेतली तर हळहळण्याचं कारण नाही.

गिऱ्हाइकाकडूनही थोडं व्हायला हवं. यंदाच्या दिवाळीला भेट घेताना पक्कं बिल मागा आणि ते जपून ठेवा. देताना ‘नाही आवडलं तर सांगा, बदलून आणीन’ एवढं म्हणायला लाजू नका. आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की मागच्या भेटीचं काय झालं ते दुकानदाराला सांगा, वस्तू पसंत पडली नसेल तर आवर्जून सांगा.