हिरड्याखालचे पाणी

वळवाची दमदार सर कोसळून गेल्यावर अकोले तालुक्यात रतनवाडीच्या रानात एखाद्या जुन्या हिरड्याच्या बुंध्याशी थांबले, म्हणजे सालीवरून ओघळणारे पाणी शेजारच्या उघड्या कातळावरल्या पाण्याहून निराळे, कोऱ्या चहासारखे तांबूस दिसते. सालीचा कषाय अंश त्यात असतोच. परंतु कोरड्या महिन्यांत पानापानांवर बसलेली धूळ, काजळी आणि क्षार यांचीही ती एकरकमी वसुली असते.

हवेतील दूषित द्रव्ये पावसाबरोबर उतरतात, तशीच पाऊस नसतानाही वाऱ्याबरोबर उतरतात. माळावरून वारा सुरळीत निघून जातो. अरण्याच्या उंचसखल शेंड्यांवर मात्र तो अडखळतो, घुसळला जातो, आणि जमिनीच्या एका चौरस मीटरवर कित्येक चौरस मीटर पर्णपृष्ठ पसरलेले असल्यामुळे त्यातील सूक्ष्म कण पानांना चिकटतात, तर गंधकाचे व नत्राचे काही वायू पर्णरंध्रांवाटे आत शिरतात. हरिश्चंद्रगडासारख्या माथ्यावर धुक्याची भर पडते. धुक्याच्या बारीक थेंबांत ही द्रव्ये पावसाहून सामान्यतः दाट असतात, आणि पाऊस नसतानाही झाडाखाली ठिबकत राहतात.

पर्णछत्राखालील व्यवहार सरळ जमाखर्चाचा नाही. नत्राचा काही अंश पाने ठेवून घेतात, स्वतःजवळचे पालाश पाण्यात सोडतात, आणि गंधकाचे क्षार बहुतांशी तसेच खाली जातात. म्हणून अरण्य हवा गाळते हे खरे असले, तरी गाळलेला मळ नाहीसा होत नाही. तो मातीच्या खाती पडतो. अशा मळाने मँचेस्टरच्या पावसात आलेली आम्लता रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी 1852 साली नोंदविली. 1980 च्या दशकात जर्मनीतील वने सुकू लागल्याची चिंता पसरली, तेव्हा या मातीच्या खात्याकडे जगाचे लक्ष गेले. आपल्याकडील धुळीतला चुन्याचा अंश आम्लाचे बरेच शमन करतो, हे आपले सुदैव. पण त्या भरवशावर निर्धास्त राहणे मला मान्य नाही. सालीवरचे दगडफूल बहुतेक पोषण हवेतून व पावसातून घेते, आणि गंधकाच्या धुराने त्याच्या कित्येक जाती मरतात. ते विरळ होत असेल तर ती पहिली वर्दी समजावी.

रतनगडाच्या कुशीतले हे पाणी प्रवरेने 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात, आणि तेथून कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील उसापर्यंत जाते. पाऊस मोजणारा पर्जन्यमापक मात्र नियमाप्रमाणे झाडांपासून दूर, उघड्यावर असतो. झाडाखाली काय उतरले हे त्याच्या दप्तरी येत नाही. अकोले-राजूरच्या शाळांनी एक स्वच्छ बरणी मोकळ्यावर, दुसरी हिरड्याखाली ठेवावी, दोन्हींतील पाणी दर पावसाळ्यात तपासावे आणि त्याची वही राखावी.