भाऊसाहेबांची यादी

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली, की आमच्या कॉलेजच्या कार्यालयातले भाऊसाहेब एक यादी काढतात. प्रवेश घेतलेल्यांच्या नावांतून फॉर्म भरलेल्यांची नावं वजा केली, की उरतात ती. ही यादी नोटीस बोर्डावर लागत नाही. भाऊसाहेब ती घेऊन स्टाफरूममध्ये येतात आणि प्रत्येकाच्या हातात पाच-सहा नावं ठेवतात. "मॅडम, ही तुमच्या रस्त्यावरची गावं. आजच्या आज फोन लावा, उद्या लेट फी सुरू होईल."

जालना जिल्ह्यात, गोदावरीकडच्या एका तालुक्याच्या गावी मी अर्थशास्त्र शिकवते. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, गावाच्या चौकात अभिनंदनाचा फलक लागतो, पेपरात फोटो येतो. त्या फोटोच्या मागे ही यादी असते, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मी मात्र इतक्या वर्षांत ठाम मताची झाले आहे, की आमच्याकडचं पोर अभ्यास झेपला नाही म्हणून पदवी सोडतं, असं क्वचितच घडतं. पदवी सुटते ती फॉर्म, फी, गाडी, ओटीपी, सोयरीक असल्या ठिकाणी. आणि अशा ठिकाणी सुटते, म्हणूनच ती वेळेवर धरताही येते.

१ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने यांनी शहराला नाव मिळवून दिलं. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७१-७२ टक्क्यांच्या घरातच होती, बायकांची तर ६१ च्या आसपास. म्हणजे माझ्यासमोर बाकावर बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी ही पहिलीच पिढी. हॉल तिकीट म्हणजे काय, बॅकलॉग म्हणजे काय, हे घरी विचारायला कुणी नाही. ते सांगणारं माणूस कॉलेजातच भेटलं पाहिजे.

नंबर कॅफेवाल्याचा

यादी हातात आली की पहिली अडचण फोनचीच. प्रवेश अर्जावर दिलेला नंबर वडिलांचा असतो आणि त्याचं रिचार्ज संपलेलं असतं. किंवा नंबर चुलत्याचा असतो आणि चुलता पुण्याला गेलेला असतो. एका वर्षी तर माझ्या वाट्याच्या तीन मुलांचा नंबर एकच निघाला. उचलणारा म्हणाला, "मॅडम, मी नेट कॅफेवाला. पोरांनी फॉर्म माझ्याकडं भरला, त्यांच्याजवळ फोन नव्हता, म्हणून माझाच टाकला."

त्या माणसाने मग असं काम केलं की आम्ही सगळे चाट पडलो. तिघांचीही घरं त्याला ठाऊक होती. दोघांचे निरोप त्याने दूध घेऊन जाणाऱ्या गाडीवर पाठवले आणि संध्याकाळपर्यंत दोघेही कार्यालयाच्या खिडकीशी हजर. तिसरा जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. त्याचा नंबर मिळवून फोन लावला, तर म्हणाला, "मॅडम, पगार सात तारखेला हाय. फॉर्मची तारीख पाच. मग म्हनलं, राहू द्या आवंदा."

आवंदा राहू द्यायचं म्हणजे काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. एक सत्र सुटतं, मग पोराला वर्गात यायची लाज वाटते, मग रात्रपाळीची दिवसपाळी होते आणि वर्ष कायमचं जातं. सगळं दोन दिवसांच्या अंतरावरून. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात एक डबा आहे. महिन्याच्या सुरुवातीला ज्याला जमेल त्याने त्यात पैसे टाकायचे, नाव लिहायचं नाही. त्या डब्यातून फी भरली गेली. पगार झाल्यावर पोराने पैसे आणून दिले आणि भाऊसाहेबांना सांगितलं, "सर, पुढच्या बारीला तारीख आधी सांगा, म्हंजे उचल घेऊन ठेवतो." तेव्हापासून फॉर्मच्या तारखा आम्ही कॅफेवाल्यांनाही कळवतो. तालुक्यातल्या सगळ्यांचे नंबर भाऊसाहेबांच्या वहीत आहेत.

फडातून आलेला ओटीपी

दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातल्या वाड्या-तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात उभा असतो. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. पहिल्या सत्राची परीक्षा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांचा काळही साधारण हाच.

महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीच्या अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आधारला जो मोबाइल जोडलेला असेल त्यावर ओटीपी येतो. आणि आधारला जोडलेला असतो बापाचा मोबाइल. पोरगी इथे कॉलेजच्या संगणकासमोर आणि फोन तिकडे उसाच्या फडात. मी शेजारी बसलेली असताना एका मुलीने वडिलांना सहा-सात वेळा फोन लावला. शेवटी तिने मुकादमाला लावला. तो मोळ्या भरायच्या गडबडीत होता, तरी त्याने बापाला हाक मारली. बाप शिकलेला नाही. मुलगी म्हणाली, "दादा, मेसेज आला आसंल. त्यातले आकडे कुणाकडून तरी वाचून घ्या." फोनवर कोयत्यांचा आवाज येत होता. एका लहान पोराने आकडे वाचायला सुरुवात केली, चौथ्या आकड्याला वेळ संपली. पुन्हा ओटीपी मागवला. दुसऱ्यांदा त्या पोराने सहाही आकडे एका दमात म्हटले आणि अर्ज पुढे गेला. ते लहान पोर खरं तर त्या दिवसांत शाळेत असायला हवं होतं, ही गोष्ट मला अजून टोचते.

त्यानंतर आम्ही वेळापत्रकच बदललं. आता दसऱ्याच्या आधी, ट्रॅक्टर निघायच्या आत, कॉलेजात दोन दिवस पालकांना फोनसकट बोलावतो. आधारला मुलांचाच नंबर जोडून घेणं, बँक खात्याचं आधार सीडिंग, उत्पन्नाचा दाखला, सगळं त्याच दोन दिवसांत. शिष्यवृत्तीचे पैसे यायला उशीर झाला तर ओढाताण होते, पण अर्जच राहिला तर पुढच्या वर्षीचा प्रवेशच डळमळतो.

फडावर जोडप्याला कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला उचलही कमी. म्हणून लेकाचं लग्न लवकर उरकण्याकडे घरच्यांचा कल असतो, आणि त्यात त्याचं कॉलेज जातं, कुठल्या तरी मुलीचंही जातं. अशा घरात जाऊन नुसतं "शिकू द्या" म्हणून भागत नाही. वसतिगृह मिळेल का, स्वाधार योजनेत किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यात नाव बसेल का, याचा कागद हातात घेऊनच जावं लागतं.

मुक्कामी गाडी

आमच्या मुलांची हजेरी एस.टी.वर अवलंबून. ज्या गावात रात्रीची गाडी मुक्कामी असते, तिथली मुलं पहिल्या तासाला वेळेवर येतात. ती गाडी बंद झाली, की त्या गावची हजेरी महिनाभरात निम्म्यावर येते. पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत आहे, पण गाडीच नसेल तर पास कशाला?

कोरोनानंतर राज्यातली कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली. मुलं जेमतेम वर्गात बसू लागली आणि एस.टी.चा संप सुरू झाला, तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. मुलं एकेका मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून यायची. मुली घरीच. पालक म्हणायचे, काळी-पिवळीत कोंबून पोरीला पाठवायची नाही. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी मग एका काळी-पिवळीवाल्याला गाठलं. त्याची स्वतःची भाची आमच्याकडे शिकत होती. ठरलं असं, की सकाळच्या एका फेरीत मागच्या बाकांवर फक्त मुली बसतील आणि पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या घरचं एक माणूस सोबत येईल. पहिल्या फेरीत तीन मुलींसोबत दोन आज्या आल्या. त्यांनी वर्ग पाहिला, नळाचं पाणी पाहिलं, मुलींची स्वच्छतागृहं पाहिली आणि गावात जाऊन सांगितलं, "चांगलं हाय." त्या एका वाक्याने जे झालं, ते आमच्या कुठल्याही पालक मेळाव्याने झालं नव्हतं.

हे प्रश्न फक्त आपलेच आहेत असं समजायचं कारण नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'असॅप' नावाची योजना सुरू केली. ही दोन वर्षांची, कमी खर्चाची कॉलेजं. तिथेही मोलमजुरी करून शिकणारी मुलं अर्ध्यावर गळत होती. योजनेत काय दिलं? फीतली तूट भरून काढली, पुस्तकांना मदत केली, प्रत्येक मुलामागे एक ठरलेला सल्लागार दिला आणि बस-मेट्रोचा पास दिला. सल्लागाराला भेटत राहायचं, पास मिळत राहायचा. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून अभ्यास झाला, तेव्हा योजनेतली ४० टक्के मुलं तीन वर्षांत पदवीपर्यंत पोचली, बाहेरची २२ टक्के. हा अहवाल वाचला तेव्हा मला आमचे भाऊसाहेब आणि तो काळी-पिवळीवाला आठवला. तिकडे त्यांनी जे नियमात बसवलं, ते इकडे माणसं आपल्या भल्या मनाने करतात. आपल्याकडेही ते नियमात बसायला हवं.

आहेरात हॉल तिकीट

दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिल-मेमध्ये, लग्नसराईही तेव्हाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आमच्या जिल्ह्यातल्या २०-२४ वयोगटातल्या जवळपास दर तिसऱ्या मुलीचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्यातून निभावून जी मुलगी बी.ए.च्या वर्गापर्यंत येते, तिला शेवटच्या वर्षी जाऊ द्यायचं नाही, एवढी गाठ आम्ही मनाशी बांधली आहे.

तृतीय वर्षाच्या एका मुलीचं लग्न पहिल्या पेपरच्या आठवडाभर आधी होतं. मी आहेराच्या पाकिटात तिचं हॉल तिकीट घालून घेऊन गेले. सासूबाईंना बाजूला घेतलं. त्यांनी पाकीट उघडलं, कागदावरचा सुनेचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "सोयरीक जमवताना पोरगी ग्रॅज्युएट होनार म्हनून सांगितलं व्हतं. मंग होऊ द्या की. आमी आनून सोडू." हाताची मेंदी उतरायच्या आत तिने पेपर लिहिले. सासरा रोज गेटबाहेर कडुलिंबाखाली बसून असायचा.

अशा मुलींना आमचं एक सांगणं असतं, आणि ते सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. पदवी हातात येईपर्यंत कागदोपत्री नाव बदलू नका. आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं, या घोळात शिष्यवृत्तीचे अर्ज आणि प्रमाणपत्रं अडकतात आणि पुढे महिनोन्महिने कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

एकच पेपर

२०२३ मध्ये तलाठी भरती निघाली. पदवीची अट होती. आमचा एक जुना विद्यार्थी पदवी प्रमाणपत्र मागायला आला. भाऊसाहेबांनी नोंदी काढल्या आणि थबकले. पहिल्या वर्षातला इंग्रजीचा एक पेपर राहिलेला. पुढची सगळी सत्रं पास, पण तो एक मागेच. पोरगा समजत होता, ए.टी.के.टी. मिळाली म्हणजे पेपर सुटला. ही समजूत आमच्याकडे घरोघरी आहे.

ती भरती त्याच्या हातून गेली. पण इंग्रजीच्या मॅडमनी ग्रंथालयातून जुन्या अभ्यासक्रमाचं पुस्तक शोधून काढलं, जुन्या प्रश्नपत्रिका जमवल्या आणि दुपारी वर्ग सुटल्यावर त्याला तासभर बसवलं. पुढच्या परीक्षेत पेपर निघाला आणि तो पदवीधर झाला. त्या प्रसंगानंतर भाऊसाहेब आणखी एक यादी काढतात. तृतीय वर्ष सुरू होतानाच प्रत्येकाचा मागचा कुठला पेपर राहिला आहे, त्याची. ती यादी प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून दाखवतात, चारचौघांत नाही.

आता २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. एक वर्ष करून प्रमाणपत्र, दोन वर्षं करून पदविका घेऊन बाहेर पडता येतं, श्रेयांक जमा राहतात, नंतर परत येता येतं. सोय चांगली आहे. पण जमा श्रेयांक कुणाला घरून बोलावून आणत नाहीत. बाहेर पडलेल्याला परत या म्हणून फोन कुणीतरी करावाच लागतो, आणि तो फोन करणं हे कॉलेजचं काम आहे, असं मी मानते. नॅकच्या फायलीत मार्गदर्शक शिक्षकाचं नाव असतंच. त्या नावाच्या माणसाकडे मुलाच्या घरचा चालू नंबर असला पाहिजे.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना म्हणूनच एक विनंती. फॉर्मची शेवटची तारीख उलटायच्या आधी ही यादी मागून घ्या आणि त्यातली पाच नावं तरी स्वतःकडे ठेवा. आणि वाचकांपैकी कुणाची पदवी अशीच एखाद्या पेपरपाशी, एखाद्या न भरलेल्या फॉर्मपाशी अडली असेल, तर जुन्या गुणपत्रिका घेऊन आपल्या कॉलेजात जा. संधी शिल्लक आहेत का, ते कार्यालयात विचारा. तिथे वाट बंद झालेली असेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच उभं आहे, त्याच्या जवळच्या अभ्यासकेंद्रात चौकशी करा. किती वर्षं गेली याची लाज धरू नका.