पडद्यासमोरची तीस वर्षं

१९ सप्टेंबर २०२५. आठवडाभरापूर्वी आलेला 'दशावतार' महाराष्ट्रात गर्दी खेचत होता आणि 'जॉली एलएलबी ३' त्याच शुक्रवारी दाखल झाला होता. या धामधुमीत रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' लागला. नावाजलेले चेहरे नाहीत, गाणी नाहीत, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. बेतास बात पैशांत, खऱ्या गावात आणि खऱ्या घरांत चित्रित झालेली ही गोष्ट दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे. आठ महिन्यांपूर्वी अमेरिकेतल्या सन्डान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिला मराठी कथापट. तरीही मला त्या पारितोषिकाहून मोठा वाटतो तो शुक्रवार. या विषयाचा मराठी सिनेमा तिकीटखिडकीवर आला, लोकांनी पैसे मोजून तो पाहिला, आणि कुठे काच फुटली नाही.

हे सहज घडलेलं नाही. त्यामागे तीस वर्षं आहेत. समलिंगी प्रेमाच्या भारतीय सिनेमाचा इतिहास दिग्दर्शकांच्या आणि कोर्टाच्या निकालांच्या अंगानं बऱ्याचदा लिहिला गेला. प्रेक्षकाच्या अंगानं तो पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रेक्षकाला काय सोसेल आणि काय नाही, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. प्रेक्षकाला स्वतःला बोलायची संधी फार कमी वेळा मिळाली. जेव्हा मिळाली, तेव्हा तो आपल्या समजुतीपेक्षा बराच शहाणा निघाला.

मराठीत या विषयाची सुरुवात रंगभूमीनं केली. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातली मित्रा उभी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातल्या दोघींच्या नात्याचा धागा आला आणि ते नातं व्यवस्थेला कसं सहन होत नाही, हेही आलं. मराठी प्रेक्षकानं हे दोन्ही पाहिलं होतं. 'आपल्याकडे हे नव्हतंच' असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट १९९६ मध्ये उघडपणे पडद्यावर आली. वाडिया मूव्हीटोनच्या घराण्यातले रियाद विंची वाडिया यांनी 'बॉमगे' हा जेमतेम बारा मिनिटांचा लघुपट केला. त्याचा आधार होता पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे कवी आर. राज राव यांच्या कविता. भारतातला पहिला गे चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. सर्वसामान्य चित्रपटगृहात तो लागला नाही. महोत्सव, खासगी खेळ, हातोहात फिरणाऱ्या प्रती, एवढाच त्याचा प्रवास. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं. ज्यांच्यासाठी तो केला होता, त्यांच्यापैकी फार थोड्यांपर्यंत तो पोहोचला असणार.

मग आला दीपा मेहता यांचा 'फायर'. तो दोन स्त्रियांच्या प्रेमाचा चित्रपट होता, पण पुढच्या प्रत्येक समलिंगी चित्रपटाच्या कपाळी काय येणार, हे त्यानं ठरवलं. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो सेन्सॉरच्या परवानगीनं, एकही कात्री न लागता प्रदर्शित झाला. सुमारे तीन आठवडे तो चालला, मोठ्या शहरांत गर्दीत चालला. २ डिसेंबरला मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी गोरेगावच्या सिनेमॅक्सवर आणि न्यू एम्पायरवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलवरही तेच झालं. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये कात्री न लागताच परत आला.

या घटनाक्रमातला महत्त्वाचा भाग म्हणजे ते पहिले तीन आठवडे. त्या दिवसांत लोक येत होते, बघत होते, घरी जाऊन बोलत होते. ती प्रेक्षकाची खरी प्रतिक्रिया होती, आणि तिची नोंद कुणीच ठेवली नाही. इतिहासात राहिली ती फुटलेल्या काचांची छायाचित्रं. त्यानंतर कित्येक वर्षं 'आपला प्रेक्षक अजून तयार नाही' हे वाक्य निर्माते आणि वितरक पुराव्यासारखं वापरत राहिले. तयार नव्हता तो जमाव. प्रेक्षक रांगेत तिकीट काढून उभा होता.

जमावाच्या जोडीला मंडळही होतं. श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ला २००३ मध्ये सेन्सॉर बोर्डानं प्रमाणपत्र नाकारलं, तेही पुन्हा पुन्हा. जगभरच्या महोत्सवांत तो फिरला; भारतातल्या प्रेक्षकासाठी त्याचं दार उघडायला नेटफ्लिक्स यावं लागलं.

या कोंडीतून वाट काढली ती कुटुंबाच्या गोष्टीनं. २००५ मध्ये ओनीर यांचा 'माय ब्रदर निखिल' आला. त्याची पार्श्वभूमी गोव्याची. १९८९ मध्ये एचआयव्हीची लागण झाली म्हणून डॉमिनिक डिसूझा यांना गोव्यात ६४ दिवस डांबून ठेवलं गेलं. त्या अन्यायाची सावली या चित्रपटावर आहे. निखिलची गोष्ट आपल्याला सांगतात त्याची बहीण, त्याचे आईवडील, त्याचा जोडीदार. पुढच्या वर्षी अमोल पालेकरांचा 'थांग' आला, मराठीत आणि 'क्वेस्ट' या नावानं इंग्रजीतही. त्यात नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषाशी असलेलं नातं बायकोला कळतं आणि तिच्या डोळ्यांनी आपण ते पाहतो. मृणाल कुलकर्णींसारखा घराघरात ओळखीचा चेहरा त्या बायकोच्या भूमिकेत होता.

या दोन्ही चित्रपटांनी प्रेक्षकाला बसायला ओळखीची जागा दिली. बहिणीच्या शेजारी बसा, बायकोच्या शेजारी बसा आणि तिथून पाहा. ही युक्ती लागू पडली. प्रेक्षकाचं मन हललं. पण तिची किंमतही होती. ज्याची गोष्ट, तो माणूस इतरांच्या दुःखाचं कारण होऊन राहिला. त्याच्या प्रेमाकडे प्रेम म्हणून पाहायची वेळ अजून आलेली नव्हती. घरात बसून, कुणाला न सांगता हे चित्रपट पाहणाऱ्या समलिंगी तरुणाला त्यातून सहानुभूती मिळाली असेल. आपणही आनंदानं जगू शकू असा दिलासा मात्र फारसा मिळाला नसेल.

समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा नाझ निकाल जुलै २००९ मध्ये आला आणि २०१० पासून मुंबईत 'कशिश' महोत्सव सुरू झाला. पुढे लिबर्टीसारख्या जुन्या, देखण्या थिएटरात तो भरू लागला. प्रेक्षकाच्या या मागोव्यात 'कशिश'चं स्थान फार मोलाचं आहे. एरवी अंधारात एकटं बसणारी माणसं तिथे उजेडात एकमेकांना भेटली. त्यांनी मोकळेपणी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, नावडलेल्या चित्रपटावर तिथल्या तिथे वाद घातले. आईवडील मुलांसोबत आले. ज्यांच्या नावानं एवढी वर्षं भांडणं झाली, त्यांना स्वतः नुसतं प्रेक्षक होता आलं. मात्र हे मुंबईत. साताऱ्याच्या किंवा परभणीच्या मुलाला महोत्सवाची बातमी वाचण्यावर समाधान मानावं लागलं.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नाझ निकाल फिरवला. त्याच काळात सुधांशू सरिया यांनी 'लव्ह' केला. छोटं पथक, दोन मित्रांची महाबळेश्वरची सहल आणि न बोललं गेलेलं प्रेम. त्यातला गुणी नट ध्रुव गणेश चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच क्षयरोगानं गेला. २०१५ मध्ये एस्टोनियातल्या टॅलिनच्या महोत्सवात पहिला खेळ झाला आणि २०१७ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. इथून एक नवा प्रेक्षक तयार झाला. कानात इअरफोन घालून, घरचे झोपल्यावर मोबाइलवर बघणारा. त्याची प्रतिक्रिया कुणाला दिसत नाही, गल्ल्यात मोजली जात नाही. तरी तालुक्याच्या गावापर्यंत हा सिनेमा पोहोचला तो याच प्रेक्षकामुळे.

२०१६ चा 'अलीगढ' आपल्या फार जवळचा होता. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक आणि कवी रामचंद्र सिरस यांच्या घरात शिरून त्यांचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणलं गेलं, त्यांना निलंबित केलं गेलं आणि एप्रिल २०१० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. हन्सल मेहतांनी आणि मनोज वाजपेयींनी तो एकटा मराठी माणूस विलक्षण हळुवारपणे उभा केला. पण तो हिंदीत आला. मराठीच्या एका प्राध्यापकाचं दुःख मराठीनं स्वतःहून सांगायला हवं होतं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही मराठी कादंबरी २००६ ची. २०२२ मध्ये ती पडद्यावर आली तेव्हा पुण्याऐवजी केरळात घडली, आणि मराठी सोडून इतर भाषांत. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा फास सुटला होता. मराठी पडदा तरी जवळजवळ रिकामाच राहिला.

'साबर बोंडं' या रिकाम्या जागेत आला. आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. वडील गेल्यावर सुतकाचे दहा दिवस पाळायला तो आईबरोबर गावी येतो. तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाल्या भेटतो. शेतीत राबणारा, लग्न जमत नाही म्हणून तोही घरच्यांच्या धारेवर. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी ही दोन माणसं केली आहेत आणि जयश्री जगताप यांनी आईचं काम केलं आहे. कानवडे स्वतः मुंबईच्या वस्तीत एका खोलीच्या घरात वाढले. वडील ड्रायव्हर होते. वडील गेल्यानंतरच्या दहा दिवसांतच या गोष्टीचं बी त्यांच्या मनात पडलं.

या चित्रपटाबद्दल लोक काय बोलले? प्रेमाबद्दल नंतर, आधी सुतकाबद्दल. अनवाणी फिरायचं, काय खायचं, काय नाही खायचं, कुणी कुठे बसायचं, कोण कुणाला टोमणे मारतं, हे सगळं हुबेहूब आहे असं माणसं सांगत होती. दहाव्याला जमलेले काका, आत्या आणि 'आता याचं लग्न उरकून टाका' हा घोषा प्रत्येकानं आपल्या घरात ऐकलेला आहे. इथे आनंदची अडचण आणि सगळ्यांची अडचण एक होते. ज्याला लग्न करायचं नाही, ज्याचं जमत नाही, जिला मूल होत नाही, त्या सगळ्यांना ती खोली ओळखीची वाटते. प्रेमाची गोष्ट प्रेक्षकानं नाकारली नाही, कारण ती त्याच्याच ओसरीवर घडत होती.

मग बोलणं आईवर आलं. मुलाचं सत्य ठाऊक असलेली, नातेवाइकांसमोर त्याच्या प्रेमभंगाची बतावणी करून त्याला सांभाळणारी ही खेड्यातली बाई. 'अशी आई असते का?' असं काहींनी विचारलं. माझं उत्तर ठाम आहे: असते. समजूतदारपणा शिकलेल्या शहरी घरांचीच मिरास आहे, हा आपला समज या चित्रपटानं मोडला. मुलावर जीव असलेल्या बाईला ते समजून घ्यायला इंग्रजी शब्द लागत नाहीत.

तिसरी प्रतिक्रिया तक्रारीची. चित्रपट संथ आहे. कॅमेरा हलत नाही, माणसं बोलत नाहीत. ही तक्रार मान्य नसलेल्यांपैकी मी एक आहे. ती शांतता नसती तर बाल्या आनंदसाठी निवडुंगाची लालभडक फळं, म्हणजेच साबर बोंडं, घेऊन येतो त्या कृतीत किती प्रेम आहे, हे आपल्याला कळलंच नसतं. पण या तक्रारीचा मला मनापासून आनंद होतो. १९९८ मध्ये असा चित्रपट असावा की नसावा यावर भांडण होतं. २०२५ मध्ये तो लांबला का, यावर होतं. कुठल्याही प्रेमकथेबद्दल लोक असंच बोलतात. समलिंगी प्रेमाला इतर प्रेमांच्या पंगतीत बसवणारी याहून साधी खूण नाही.

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना तर हा चित्रपट आणखी काही देतो. यात प्रेम करणाऱ्या दोघांपैकी कुणी मरत नाही, कुणाला मारहाण होत नाही, कुणी थट्टेचा विषय होत नाही. समलिंगी माणूस म्हणजे इंग्रजी बोलणारा, महानगरी, पैसेवाला, ही पडद्यावरची सवयही इथे तुटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. सोबत राहायला कायद्याचं छप्पर आजही नाही. अशा वेळी दोन गरीब, मराठी बोलणारी माणसं सोबत राहायचा विचार करताना दिसणं, याचं मोल त्या माणसांनाच विचारावं.

काम संपलेलं मात्र नाही. या चित्रपटाच्या पाठीशी भारतातल्या प्रदर्शनासाठी नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, विक्रमादित्य मोटवानी, निखिल अडवाणी अशी मंडळी उभी राहिली आणि राणा दग्गुबाती यांच्या स्पिरिट मीडियानं तो वितरित केला. जगातलं मोठं पारितोषिक आणि एवढी नावं पाठीशी असल्यावर एक मराठी चित्रपट पडद्यापर्यंत पोहोचतो. ज्याच्यामागे यातलं काही नाही, तो पुढचा कमी खर्चाचा चित्रपट कसा पोहोचणार? 'प्रेक्षक तयार नाही' ही सबब आता चालू देऊ नये. ती तीस वर्षं तपासली गेली नव्हती. तपासली, तेव्हा खोटी ठरली.

म्हणून थिएटरवाल्यांना सांगणं आहे की अशा चित्रपटाला सकाळी दहाचा एकच खेळ देऊन त्याचा निकाल लावू नका. संध्याकाळचा खेळ द्या, दुसरा आठवडा द्या. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या चित्रपट मंडळांनी आणि महाविद्यालयांनी हा चित्रपट दाखवावा आणि नंतर तासभर लोकांना बोलू द्यावं. आणि वाचकहो, पुढचा असा चित्रपट लागेल तेव्हा पहिल्याच आठवड्यात जा, घरातल्या मोठ्यांना सोबत न्या. आवडला नाही तर तसं मोकळेपणी सांगा. तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.